मगिद्दोच्या वाटेवर म्हैसूरचे भालाईत

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात ब्राँझचे तीन भालाईत उभे आहेत. लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकाराने घडवलेल्या या पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा, एक जोधपूरचा आणि एक म्हैसूरचा. २०१८ साली चौकाच्या नावात ‘हैफा’ची भर पडली आणि शंभर वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, घोड्यावर बसून हैफा बंदर जिंकणाऱ्या संस्थानी रिसाल्यांची गोष्ट पुन्हा लोकांच्या कानावर आली. पण हैफाची लढाई हा एका मोठ्या मोहिमेचा शेवटाकडचा भाग होता. त्या मोहिमेला इंग्रजांनी नाव दिले ते कनानी लोकांच्या, दोन हजारांहून अधिक वर्षे ओस पडलेल्या एका नगराचे. ते नगर म्हणजे मगिद्दो. बायबलमध्ये ज्या जागी राजे मरतात, रथ बुडतात आणि शेवटी जगभरचे राजे लढायला गोळा होतात, ती ही जागा. म्हैसूरच्या शिलेदारांची कथा हैफापाशी सुरू करून हैफापाशीच संपवली, तर ते कोणत्या भूमीवर घोडे घालत होते हे कळत नाही. म्हणून ती मगिद्दोपासून वाचायला हवी.

हैफाच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर, आजच्या उत्तर इस्रायलमध्ये, सपाट माथ्याचे एक टेकाड आहे. त्याच्यावर उभे राहिले की समोर इज्रेलचे रुंद, सुपीक खोरे दिसते. पलीकडे नासरेथचे डोंगर, उजव्या हाताला दूरवर ताबोर, डाव्या हाताला समुद्राकडे सरकत गेलेली कर्मेलची रांग. हे टेकाड निसर्गाने दिलेले नाही, ते माणसांनी राहून राहून उंच केले आहे. एक वस्ती पडली की तिच्याच मातीवर दुसरी उभी राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी इथे एकावर एक असे वीसहून अधिक थर वेगळे केले आहेत. त्यांत इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली, सुमारे ८ मीटर व्यासाची दगडी गोल वेदी आहे, कनानी राजांचे वाडे आहेत, इस्रायली राजांचे दरवाजे आहेत. २००५ साली युनेस्कोने हासोर आणि बैर-शेबा यांच्यासह मगिद्दोला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

एवढी माणसे, एवढी शतके, याच एका जागी का राहिली? शेती आणि झरे हे एक कारण. पण मोठे कारण रस्ता. इजिप्तमधून सीरियाकडे आणि पुढे युफ्रेटिसच्या काठाने मेसोपोटेमियाकडे जाणारा राजमार्ग समुद्रकिनाऱ्याच्या मैदानातून वर सरकतो आणि कर्मेलची रांग त्याला आडवी येते. ती ओलांडायला मोजक्या खिंडी आहेत. त्यांतली सर्वांत थेट जाणारी खिंड जिथे खोऱ्यात उघडते, नेमके तिथेच मगिद्दो वसले होते. व्यापाऱ्यांचे तांडे, वकील, सैन्य, सारे याच नाक्यावरून जाणार. ज्याच्या हाती मगिद्दो, त्याच्या हाती वाहतूक.

मराठी माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. १५२६, १५५६ आणि १७६१, तिन्ही वेळा दिल्लीचे भवितव्य पानिपतच्याच परिसरात ठरले, कारण वायव्येकडून दिल्लीला येणारी वाट तिथूनच जाते. मगिद्दो हे त्या जगाचे पानिपत. फरक इतकाच, की इथला हिशेब तीन हजार वर्षांहून लांब आहे.

त्या हिशेबातली पहिली मोठी नोंद इजिप्तच्या कर्नाक मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे. इ.स.पू. १४५७च्या सुमारास कनानी राजांनी कादेशच्या राजाच्या पुढाकाराने इजिप्तविरुद्ध एकजूट केली आणि मगिद्दोत तळ दिला. फारो तिसरा थुतमोस सैन्य घेऊन निघाला. डोंगराच्या अलीकडे येहेम गावी त्याने सरदारांची मसलत बोलावली. पुढे तीन वाटा होत्या. दोन मोकळ्या आणि लांबच्या. तिसरी अरूना गावावरून जाणारी, थेट मगिद्दोसमोर निघणारी, पण इतकी अरुंद की घोड्यामागे घोडा आणि माणसामागे माणूस असेच जावे लागावे. सरदार म्हणाले, आघाडी पलीकडे लढत असेल तेव्हा पिछाडी अजून अलीकडेच अडकलेली असेल. धोका खराच होता. शत्रूनेही तोच विचार करून आपले लोक दुसऱ्या दोन वाटांच्या तोंडाशी उभे केले होते. थुतमोसने अरुंद वाट धरली, स्वतः पुढे राहिला आणि खिंड मोकळी सापडली.

दुसऱ्या दिवशी कनानी फळी मोडली. नगराचे दरवाजे तोवर बंद झाले होते. पळून आलेल्या राजांना आतल्या लोकांनी तटावरून कपडे खाली सोडून वर ओढून घेतले. इजिप्शियन सैनिक त्याच वेळी तटावर चालून गेले असते तर काम एका दिवसात संपले असते, पण ते शत्रूची छावणी लुटण्यात गुंतले. ही चूकही कोरणाऱ्याने लपवलेली नाही. परिणाम असा झाला, की वेढा सात महिने चालला. शेवटी हाती आलेल्या लुटीची यादी भिंतीवर आहे. २,०४१ घोड्या, ९२४ रथ, २०० चिलखते, २०,५०० मेंढ्या. मोहिमेचे रोजचे टिपण ठेवणाऱ्या लेखनिकाचे नावही आपल्याला ठाऊक आहे, ते होते त्यानेनी. सविस्तर लेखी वृत्तांत उपलब्ध असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या लढायांपैकी ही एक.

त्यानंतर शतकभराने मगिद्दोचा कनानी राजा बिरिदिया फारोला पत्रे लिहितो आहे. १८८७ साली इजिप्तमधल्या अमर्ना इथे मातीच्या पाट्यांवर लिहिलेला राजकीय पत्रव्यवहार सापडला, त्यात ही पत्रे आहेत. शखेमचा राजा लबाया याने मगिद्दोला असा घेर टाकला होता की वेशीबाहेर पडणे लोकांना अशक्य झाले होते. निदान १०० शिपाई पाठवा, एवढीच बिरिदियाची विनवणी. कर्नाकच्या भिंतीवर विजेत्याचा आवाज आहे. या पत्रांत नाक्यावर राहणाऱ्याचा आवाज आहे, आणि तो घाबरलेला आहे.

बायबलच्या जुन्या करारात मगिद्दोचा प्रवेश होतो तो एका यादीतून. इस्रायलींचा पुढारी यहोशवा याच्या पुस्तकात, त्याने हरवलेल्या ३१ राजांत मगिद्दोचा राजा आहे. पण लगेच पुढच्या, शास्त्यांच्या पुस्तकात वेगळेच चित्र दिसते. इस्रायलींच्या मनश्शे वंशाला मगिद्दोतल्या कनान्यांना घालवता आले नाही आणि ते तिथेच राहिले. याच पुस्तकात दबोरेची कथा येते. ही स्त्री लोकांचा न्यायनिवाडा करणारी आणि संदेष्टी. कनानी सेनापती सीसरा याच्याकडे ९०० लोखंडी रथ होते आणि सपाट खोऱ्यात रथापुढे पायदळाचे काही चालत नसे. दबोरेच्या सांगण्यावरून इस्रायलींचा सेनानी बाराक १०,००० माणसे घेऊन ताबोर डोंगरावर गेला. लढाई झाली तेव्हा कीशोन नदीला पूर आला आणि रथांची चाके चिखलात रुतली. सीसरा रथ टाकून पायी पळाला आणि याएल नावाच्या स्त्रीच्या तंबूत झोपेत मारला गेला. दबोरेचे विजयगीत हा हिब्रू बायबलच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या गीतात लढाईची जागा मगिद्दोच्या पाण्यापाशी दाखवली आहे.

कीशोनचे नाव ध्यानात ठेवावे. म्हैसूरकरांच्या गोष्टीत ती पुन्हा आडवी येणार आहे.

शलमोन राजाने हासोर, गेजेर आणि मगिद्दो बांधून काढले असे राजांच्या पुस्तकात म्हटले आहे. या एका उल्लेखाने विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञांना चांगलेच कामाला लावले. १९०३ ते १९०५ या काळात गॉटलीब शूमाखर यांनी टेकाडात मोठा चर खणला. १९२५पासून शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्या पैशावर काम सुरू केले, ते १९३९पर्यंत चालले. १९३७ साली एका कनानी वाड्याच्या तळघरात हस्तिदंती कोरीव कामाचे ३८२ नग सापडले, त्यांत इजिप्त, अनातोलिया आणि ग्रीस या तिन्हींकडच्या धाटणीचे काम होते. रस्त्यावरच्या नगराचे वैभव कसे असते ते या एका खोलीने दाखवून दिले.

त्याच उत्खननात लांबच लांब इमारतींचे दोन समूह निघाले. प्रत्येक इमारतीत दगडी खांबांच्या दोन ओळी, मधे मोकळी वाट, दोन्ही बाजूंना फरसबंदी. खांबाखांबांच्या मधे दगडात कोरलेल्या चौकोनी गव्हाणी. काही खांबांना कोपऱ्यात आरपार भोके पाडलेली, जनावराचे दावे ओवून बांधावे अशी. उत्खननप्रमुख पी. एल. ओ. गाय यांनी सांगितले की या शलमोनाच्या पागा आहेत आणि इथे सुमारे ४५० घोडे राहत असावेत. पुढे यिगाएल यादीन यांनी खालचे थर तपासून पागा शलमोनानंतरच्या, अहाब राजाच्या काळातल्या ठरवल्या. १९९०च्या दशकापासून तेल अवीव विद्यापीठाचे इस्राएल फिंकेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी तिथे खणत आहेत, त्यांनी त्या आणखी अलीकडे, इ.स.पू. आठव्या शतकात आणल्या. काहींच्या मते तर या पागाच नव्हेत, कोठारे आहेत. वाद धर्मग्रंथातल्या एका ओळीचा आहे, पण तो चालतो दगड, खापरे आणि घोड्याच्या दाव्यासाठी पाडलेल्या भोकांवर. धर्मग्रंथ आणि जमीन यांची गाठ मगिद्दोत अशी रोजच्या कामातून पडते.

या नगराचे नाव धर्मग्रंथात कायमचे दुःखाशी जोडले गेले ते इ.स.पू. ६०९मध्ये. यहूदाचा राजा योशीया हा आपल्या लोकांच्या दृष्टीने आदर्श राजा होता. त्याच्या काळात यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, त्याने मूर्तिपूजेची ठाणी मोडली, सण नव्याने सुरू केले. फारो नखो अश्शूरच्या मदतीला युफ्रेटिसकडे निघाला होता आणि त्याची वाट मगिद्दोवरूनच जाणार होती. योशीया त्याला अडवायला गेला. राजांच्या पुस्तकात पुढचे एका वाक्यात आटोपले आहे, नखोने त्याला मगिद्दोत मारले. बायबलच्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात हकीकत जास्त आहे. नखोने निरोप पाठवला होता की माझे भांडण तुझ्याशी नाही. योशीयाने ऐकले नाही. तो वेष पालटून लढाईत उतरला, तिरंदाजांचे बाण त्याला लागले, चाकरांनी त्याला एका रथातून काढून दुसऱ्या रथात घातले आणि यरुशलेमला नेले. तिथे तो मेला. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्यासाठी विलापगीत रचले, आणि ते शोक गाणारे स्त्रीपुरुष पुढे कित्येक काळ गात राहिले.

राजा धर्माने वागला तर देव त्याला राखतो, ही त्या लोकांची श्रद्धा होती. मग सर्वांत धर्मशील राजा असा का मेला? या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही म्हणूनच मगिद्दोचे नाव विसरले गेले नाही. पुढे जखऱ्या संदेष्ट्याला यरुशलेमच्या महाशोकाला उपमा द्यायची होती, तेव्हा त्याने मगिद्दोच्या खोऱ्यातल्या शोकाची दिली. आणि नव्या कराराच्या अखेरच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, जगातले राजे शेवटच्या युद्धासाठी जिथे जमा होतात त्या जागेला हर्मगिदोन म्हटले आहे, म्हणजे मगिद्दोचा डोंगर. हे पुस्तक इ.स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी नगर ओस पडून चार शतके उलटली होती. लिहिणाऱ्याच्या मनात होते ते शेकडो वर्षांच्या लढायांचे ओझे. आज जगभरच्या भाषांत महाविनाशाला जे नाव आहे, ते मुळात एका घाटनाक्याचे नाव आहे.

मराठीत हे नाव वाचणाऱ्यांसाठी एक दुवा म्हैसूरच्या मुलखातून येतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीत गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे काही वर्षे म्हैसूर दरबाराच्या आश्रयाला होते आणि पुढे त्यांनी या रानात आश्रम थाटून बायकोला संस्कृत शिकवले. त्याच घरातल्या मुलीने उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली ग्रंथ छापून बाहेर पडला. १९१८च्या सप्टेंबरात म्हैसूरचे स्वार प्रत्यक्ष त्या खोऱ्यात उतरले, तेव्हा केडगावात हे काम चालू होते.

हे स्वार कोण होते? म्हैसूरच्या घोडदळाची परंपरा हैदरअलीच्या आधीपासूनची. टिपूच्या पाडावानंतर, १७९९ साली, वोडेयार घराणे पुन्हा गादीवर आले आणि दिवाण पूर्णय्यांनी जुन्या फौजेतून शिलेदारांचे दल उभे केले. पूर्णय्या देशस्थ माध्व ब्राह्मण. त्यांच्या काळी म्हैसूरच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठीतही कागद लिहिले जात. शिलेदार म्हणजे आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. मराठी फौजेत रुळलेली ही रीत म्हैसूरनेही चालवली आणि त्या दलात मुसलमान व मराठा घराणी मोठ्या संख्येने होती. १८०७च्या करारानुसार संस्थानाने ४,००० घोडा कंपनीच्या मदतीला तयार ठेवायचा होता. १८१७ साली महिदपूरला होळकरांशी लढाई झाली, तीत म्हैसूरचे शिलेदार इंग्रजांच्या बाजूने होते. मराठा स्वार मराठा स्वारांसमोर आल्याची ही आठवण गैरसोयीची आहे, पण म्हैसूरच्या रिसाल्याचा इतिहास ती वगळून सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने संस्थानांकडून साम्राज्यसेवेसाठी निवडक तुकड्या मागितल्या. जुन्या शिलेदारांतून म्हैसूर लान्सर्स ही पलटण तयार झाली, तिचा तळ बंगळूरला होता. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा गादीवर चौथे कृष्णराज वोडेयार होते. दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. संस्थानाने युद्धखर्चासाठी ५० लाख रुपये दिले आणि लान्सर्सना रवाना केले. ऑक्टोबर १९१४मध्ये पलटण बंगळूरहून निघाली, मुंबईला जहाजावर चढली आणि सुवेझ कालव्याच्या रक्षणाला लागली. अरसू घराण्यातले कर्नल देसराज अरस यांचे नाव या पलटणीच्या नेतृत्वाशी जोडलेले आहे. पुढची चार वर्षे सिनायचे वाळवंट, गाझा, जॉर्डनचे खोरे. कावेरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना पाण्याच्या टाकीभोवती आयुष्य बेतावे लागले. स्वाराने आधी घोड्याला पाजायचे, खरारा करायचा, तोबरा चढवायचा आणि मग स्वतःकडे पाहायचे, हा नियम तिथेही मोडला नाही.

१९१८च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरसेनापती एडमंड ॲलनबी यांनी बेत आखला. किनाऱ्यालगत पायदळाने तुर्की फळीला भगदाड पाडायचे, त्यातून घोडदळ आत सोडायचे, कर्मेलच्या खिंडी ओलांडायच्या आणि इज्रेलचे खोरे ताब्यात घेऊन तुर्की सैन्याचा मागचा रस्ता बंद करायचा. ॲलनबी बायबल बारकाईने वाचत. जॉर्ज ॲडम स्मिथ यांचा पवित्र भूमीच्या ऐतिहासिक भूगोलावरचा ग्रंथ त्यांच्या सोबत असे. हे स्मिथ जन्मले कलकत्त्यात. खिंडी कुठे आहेत आणि आधी कोण कुठून आले होते, याची माहिती त्या पानांत होती.

१९ सप्टेंबरला पहाटे तोफा सुरू झाल्या. त्याच रात्री चौथी घोडदळ डिव्हिजन मुसमुस खिंडीत शिरली. ही खिंड म्हणजे थुतमोसची अरूनाची वाट. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चूक शत्रूने पुन्हा केली. खिंड अडवायला पाठवलेली तुर्की तुकडी वेळेवर पोचली नाही. २० तारखेला उजाडताना हिंदुस्थानी सेकंड लान्सर्सनी तिला मगिद्दोसमोरच्या सपाटीवर गाठले आणि भाल्यांनी मोडले. पाचवी डिव्हिजन आणखी वायव्येच्या, तोफा नेता येणार नाहीत अशा बिकट पायवाटेने उतरली. म्हैसूर, जोधपूर आणि हैदराबादचे लान्सर्स या डिव्हिजनच्या पंधराव्या इम्पीरियल सर्व्हिस ब्रिगेडमध्ये होते. डोंगर चढताना तोफा आणि सामानाची राखण त्यांच्याकडे आली, म्हणून ते जरा मागाहून खोऱ्यात पोचले. त्यांची पाळी तीन दिवसांनी आली.

हैफा बंदर घेतल्याशिवाय सैन्याला समुद्रातून रसद मिळणार नव्हती. २२ तारखेला चिलखती मोटारी पुढे गेल्या आणि तोफांच्या माऱ्याने परत फिरल्या. २३ तारखेला ब्रिगेड अफुलेहून निघाली, सकाळी दहाच्या सुमारास बलद अश-शेख गावाजवळ आली आणि कर्मेलवरून मारा सुरू झाला. जागा अशी होती, की डाव्या हाताला डोंगराचा कडा, उजव्या हाताला कीशोन नदी, मधे चिंचोळी पट्टी, आणि पट्टीवर मशीनगनी रोखलेल्या. डोंगरावरच्या तोफा बंद केल्याशिवाय खालून कोणाला जाता येणार नव्हते. ते काम म्हैसूरच्या एका स्क्वॉड्रनला दिले.

स्वार उतारावरची अवघड वाट चढू लागले. दगडांत घोड्यांचे नाल घसरत होते, काही घोडे लंगडे झाले, काही स्वारांना मागे पायउतार होऊन गोळीबार करत राहावे लागले. माथ्यावर तोफांसमोर पोचेपर्यंत चढाई करायला घोड्यावर जेमतेम पंधरा जण उरले होते. मदतीला पाठवलेले शेरवूड रेंजर्सचे स्वार येऊन मिळाले आणि दुपारी, खाली जोधपूरची धाव सुरू झाली त्याच सुमाराला, या मूठभर लोकांनी भाले सरसावून तोफखान्यावर घोडे घातले. दोन जड नाविक तोफा, एक डोंगरी तोफ, दोन मशीनगनी आणि ७८ कैदी त्यांच्या हाती आले. म्हैसूरचे दुसरे स्क्वॉड्रन मशीनगनी घेऊन उत्तरेच्या बाजूला होते.

खाली जोधपूर लान्सर्स दोन वाजता सुटले. मेजर दलपतसिंह शेखावत पुढे होते. नदी ओलांडून पलीकडून वळसा घालायचा विचार होता, पण कीशोनच्या काठच्या रेतीत टेहळणीचे घोडे रुतले. सीसराचे रथ गिळणारी हीच नदी. स्वारांनी तिच्या काठावरच दिशा बदलली, डावीकडे वळून मशीनगनींवर चढले आणि तिथून थेट हैफाच्या गल्ल्यांत घुसले. म्हैसूरचे स्वार त्यांच्यापाठोपाठ आले. दलपतसिंह पडले. संध्याकाळपर्यंत हैफा हाती आले. १,३५० कैदी, १७ तोफा. ब्रिगेडचे ८ जण मेले, ३४ जखमी झाले, ६० घोडे ठार झाले. पुढे हीच ब्रिगेड दमास्कसवरून अलेप्पोपर्यंत गेली. २६ ऑक्टोबरला हरितान गावाजवळ तुर्की सेनापती मुस्तफा कमाल यांच्या पिछाडीच्या सैन्यावर म्हैसूर आणि जोधपूरने पुन्हा घोडे घातले. त्या दिवसाचे नुकसान हैफापेक्षा मोठे होते. चारच दिवसांनी तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली. युद्ध संपायला उरलेल्या त्या चार दिवसांमुळे हरितानचे मरण अधिक बोचते, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

या साऱ्या मोहिमेला मगिद्दोची लढाई म्हणायचे ठरले. प्रत्यक्ष टेकाडाभोवती फार थोडी चकमक झाली होती. किनाऱ्यापासून जॉर्डनपर्यंत पसरलेल्या लढाईला ते नाव मिळाले ते धर्मग्रंथामुळे. १९१९ साली ॲलनबी यांना उमरावकी मिळाली तीही मगिद्दोच्या नावाने. इंग्लंडच्या घराघरांत बायबल होते आणि तिथल्या वाचकाला हे नाव ऐकताच सारे समजत होते. म्हैसूरच्या शेतकरी आणि शिलेदार घरांत ते कोणाला ठाऊक असणार? त्यांच्या पराक्रमाला जे नाव दिले गेले, ते त्यांच्या गावी पोचलेच नाही. म्हैसूरला राहिली हैफाची आठवण, आणि जगाच्या पुस्तकांत मगिद्दोच्या खाली राहिले सेनापतींचे नाव. दोन्हीकडची पाने एकत्र शिवली गेली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी रिसाले विसर्जित झाले. १९५३ साली म्हैसूर, जोधपूर, ग्वाल्हेर आदींच्या घोडदळांतून भारतीय सेनेची ६१वी कॅव्हलरी उभी राहिली. घोड्यावरची ही पलटण आजही कायम आहे आणि तिच्यात राजपूत व कायमखानींच्या बरोबरीने मराठे आहेत. २३ सप्टेंबर हा दिवस सेना हैफा दिन म्हणून पाळते. बंगळूरला जे. सी. नगर भागात म्हैसूर लान्सर्सच्या मृतांची नावे कोरलेला स्तंभ आहे. तिकडे हैफाच्या नगरपालिकेने २०१२ साली हिंदुस्थानी सैनिकांची ही गोष्ट शालेय अभ्यासात घ्यायचे ठरवले.

मगिद्दोत आजही हंगामागून हंगाम खणणे चालू आहे. २००५ साली टेकाडाजवळच्या तुरुंगाच्या आवारात इ.स.च्या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाची रंगीत दगडी फरशी निघाली. तिच्यावर ती फरशी करवून देणाऱ्या रोमन शताधिपतीचे आणि वेदीमेज देणाऱ्या बाईचे नाव आहे. थुतमोसचा लेखनिक त्यानेनी, भेदरलेला बिरिदिया, हा शताधिपती, ही बाई, एवढी माणसे नावानिशी सापडली, कारण कोणीतरी लिहून ठेवले आणि कोणीतरी शोधले. म्हैसूरच्या स्वारांचे लिहिलेले पुष्कळ आहे. संस्थानचे दफ्तर आहे, पलटणीच्या नोंदी आहेत, म्हैसूर, मंड्या, बंगळूरकडच्या घरांत पदके आणि पत्रे आहेत. त्या घरांत अजून आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगणारी माणसे आहेत तोवर म्हैसूरच्या विद्यापीठाने आणि पुराभिलेख खात्याने हे काम हाती घ्यावे. कर्मेलवर घोड्यावर उरलेले ते पंधरा जण कोण, त्यांची गावे कोणती, हे अजून शोधता येईल.